सात नंबरचा दगड

माणसाला साडू कोणता द्यायचा हे वर कोणीतरी बसून, चांगला विचार करून, मुद्दाम ठरवतं, असं गिरमिटचं पक्कं मत होतं. भाऊ असता तर भांडता आलं असतं. शेजारी असता तर मध्ये भिंत घालता आली असती. साडूचं काय करणार? तो तुमच्याच सासऱ्यांसमोर तुमच्याच शेजारी बसतो, तुमच्याच बायकोच्या हातचा चहा पितो, आणि वर तुमच्यापेक्षा चांगला निघतो.

गिरमिट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जमिनीला भोकं पाडायचं यंत्र तो तीस वर्षं चालवत होता, म्हणून हाताखालच्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि मग घरीदारी तेच झालं. आधी त्याने पाण्यासाठी बोअर मारले, मग इमारतींच्या पायांसाठी, आणि गेली बारा वर्षं तो माती तपासणाऱ्या एका कंपनीत होता. जुना कारखाना, बंद पडलेल्या गॅरेजचं आवार, पेट्रोल पंप, असल्या जागांखाली काय काय मुरलंय ते बघायचं काम. यंत्राच्या दांड्यावर नुसता हात ठेवला की खाली चिकणमाती आहे की मुरूम, हे त्याच्या तळव्याला कळायचं. मीटर नंतर सांगायचं आणि नकाशा त्याहूनही नंतर.

आणि साडू? धाकट्या मेहुणीचा नवरा. जमिनीच्या पोटातलं शिकून, कागद घेऊन आलेला. तीन वर्षांपूर्वी तो ह्याच कंपनीत लागला तो थेट साहेब म्हणून. बोअर कुठे मारायचा ते तो दाखवणार, गिरमिट मारणार, आणि खाली सही साडूची. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. बरं, माजलेला असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण हा कोणाशी आवाज चढवून बोलायचा नाही, चहा प्यायला की स्वतःचा कप स्वतः विसळायचा, गिरमिटला सगळ्यांदेखत ‘दादा’ म्हणायचा. चांगला माणूस असणं हाच त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा होता आणि त्यावर कुठे तक्रारही करता येत नव्हती.

आता हे काम निघालं ते नेमकं सासऱ्यांच्या पंपावर. सासऱ्यांनी एकतीस वर्षं तो पंप सांभाळला होता. पंपाच्या मागेच दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला, दोन्ही मुली तिथेच वाढल्या, सासूबाई तिथेच गेल्या. पंप बंद होऊन नऊ वर्षं झाली तरी मालकाने त्यांना खोल्यांत राहू दिलं होतं. मग रस्त्यापलीकडच्या विहिरीच्या पाण्यावर तेलाचे रंग तरंगायला लागले आणि तपास सुरू झाला. जमिनीखालच्या टाक्या गळत होत्या. जागा साफ झाल्याचा कागद निघेपर्यंत खोल्या रिकाम्या करा, असा हुकूम आला, आणि सासरे ट्रंक घेऊन थोरल्या मुलीकडे, म्हणजे गिरमिटच्या घरी आले.

महिना, दोन महिने, पाच महिने झाले. म्हातारे राहिले गिरमिटच्या घरी, बसले गिरमिटच्या खिडकीतल्या खुर्चीत, आणि गुण गायले धाकट्याचे. “आमच्या साहेबांनी सांगितलंय, लवकरच घरी जाल.” “आमच्या साहेबांचं डोकं म्हणजे काय!” धाकटा ‘आमचे साहेब’ आणि गिरमिट नुसता ‘जावईबापू’. “जावईबापू, तेवढा पंखा लावता का?” जावईबापू पंखा लावत आणि मनातल्या मनात चडफडत.

बायकोला सगळं दिसत होतं. “पोटात दुखतंय का?” ती विचारायची. “ओवा देऊ?”

“मला काय धाड भरलीये?”

“तसं नव्हे. आपलं विचारलं.”

ती हसत निघून जायची आणि ह्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात हे काम धाकट्याने कंपनीत मागून घेतलं होतं, आणि यंत्रावर दादाच पाहिजेत हेही त्यानेच सांगितलं होतं. गिरमिटने त्याचा एकच अर्थ लावला. सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत मला हुकूम सोडायची हौस आली असणार, दुसरं काय!

तरी काम त्याने चोख केलं. खोटं कशाला बोला? नकाशावर तीन टाक्या होत्या, तिन्ही वर काढल्या. भोवतीची काळी पडलेली, नाकात शिरणारी माती ट्रकांत भरून, वर ताडपत्री घालून हलवली. खड्डे स्वच्छ मातीने भरले. शेवटी उरले बारा बोअर. जागेभर बारा खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक ठिकाणी चार मीटर खाली जायचं, नळीत आलेली माती बरणीत काठोकाठ भरून बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळेत पाठवायची. बारा बरण्या स्वच्छ निघाल्या की कागद मिळणार आणि सासरे घरी जाणार.

बोअरवाल्याची एक नोंदवही असते. कुठे काय लागलं, किती खोलीवर लागलं, ते त्याने स्वतःच्या हाताने तिथल्या तिथे लिहायचं. साहेबाचा अहवाल ह्या वहीवर उभा राहतो, कारण दांड्यावर हात एकाचाच असतो. गिरमिटने बारा वर्षांत त्या वहीत एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. ह्याचा त्याला अभिमान होता, आणि तेवढाच एक होता.

सात नंबरची खुंटी खोल्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून दीड पावलावर होती. त्या सकाळी सासरे काम बघायला आले. कुंपणाच्या बाहेर हात मागे बांधून उभे राहिले, आणि ट्रकवाल्याला, पहारेकऱ्याला, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, “हे सगळं आमच्या साहेबांच्या डोक्यातून निघालंय बरं का!”

ट्रकवाल्याने गिरमिटकडे बोट केलं. “आणि हे कोण?”

“हे होय? हे आमचे थोरले जावई. मशीनवर असतात.”

मशीनवर असतात! पहारेकरी फाटकावर असतो, कुत्रं पायरीवर असतं, आणि थोरले जावई मशीनवर असतात. गिरमिटच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्याने सरळ यंत्र चालू केलं. पातं जमिनीत शिरलं. एक मीटर काळी चिकण. दीड मीटर, तीच. पावणेदोनला दांड्यावरचा हात एकदम हलका झाला. नळी वर आली ती पिवळ्या, धुतलेल्या वाळूने भरून.

ह्या जागेत वाळू कुठेच नव्हती. चिकणमातीच्या खाली अशी चाळलेली वाळू देव ठेवत नाही, माणूस ठेवतो, आणि माणूस ती कशासाठी ठेवतो हे गिरमिटला लहान पोरालाही समजावता आलं असतं. टाकीला टेकण म्हणून. तो हलक्या हाताने आणखी खाली गेला. दोन मीटर तीसवर पातं अडलं. दगड लागला की दांडा खडखडतो, हात झिणझिणतो. हे तसं नव्हतं. हे गुळगुळीत, घसरतं होतं, आणि दांड्यातून कोपरापर्यंत एक बारीक घुमणारी थरथर आली. लोखंड. आत पोकळ. त्याने त्याच क्षणी यंत्र बंद केलं, कारण पोकळ टाकीत पातं घुसवणाऱ्या बोअरवाल्याच्या घरी पुढे फक्त फोटोच राहतो.

चौथी टाकी! नकाशात नाही, सासऱ्यांच्या आधीच्या कोणाच्या तरी काळातली, पुरून विसरलेली.

धाकटा लांब अकरा नंबरच्या खुंटीपाशी वाकून काहीतरी मोजत होता. हाक मारायची की काम झालं. गिरमिटने तोंड उघडलंही. आणि नेमकं तेव्हाच कुंपणाबाहेरून आवाज आला, “साहेब, उन्हात फार उभे राहू नका हो!”

तीन तास उन्हात यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाने तोंड मिटलं. नळीतली वाळू त्याने शेजारच्या ढिगावर झटकली, वरून बुटाने माती ओढली आणि वही काढली. ‘बोअर सात. दोन मीटर तीस. दगड. पुढे जात नाही.’

धाकटा आला. “काय लागलं दादा?”

“दगड.”

“बरं,” म्हणाला, वरच्या मातीची बरणी भरली आणि पुढे गेला.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस दुष्ट होता. दुष्ट नव्हता हो, जळत होता. त्याचा बेत साधा होता. धाकट्याला अहवाल लिहू दे, सही ठोकू दे. मग आठवड्याने सगळ्या ऑफिससमोर आपण सहज म्हणायचं, “साहेब, सातला परत एकदा बघायचं का? मला आपलं वाटतं, तिथे टाकी आहे.” मग खोदायचं, टाकी निघणार आणि साहेबांचं नाक कापलं जाणार. म्हातारे घरी जायच्या आत हे सगळं उरकेल, कोणाचं काही बिघडणार नाही. पहिले दोन दिवस त्याला जेवणही छान गेलं. चार माणसांत आपण काय म्हणू, म्हणताना चेहरा कसा ठेवू, ह्याची तो आंघोळ करताना तालीम करायचा.

पण जिभेचं असं असतं, वेळेवर हलली नाही की ती जड होते. बारा बरण्या स्वच्छ निघाल्या. अहवाल वर गेला. आज सांगू, उद्या सांगू करताना त्याच्या लक्षात आलं, की “टाकी आहे” म्हटल्यावर पहिला प्रश्न येणार, “मग दगड कोणी लिहिलं?” ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तालमीत नव्हतं. तो मूग गिळून बसला. शनिवारी कागद निघाला, जागा साफ. रविवारी सासरे घरी जाणार.

शनिवारी संध्याकाळी सासऱ्यांनी ट्रंक भरली. जेवायला बसले तेव्हा चेहरा असा फुललेला, की गिरमिटला त्यांच्याकडे बघवेना.

“पोरी, तुझं घर छान आहे,” ते मुलीला म्हणाले, “पण मुंग्या फार गं. आमच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षांत मुंगी दिसली नाही. साखर उघडी राहिली तरी नाही. अशी होती तुझ्या आईची स्वच्छता.”

“आई होतीच तशी,” बायको म्हणाली. “बिचारीचं डोकं मात्र कायम दुखायचं. ओट्यापाशी उभी राहिली की कपाळ धरायची. बाहेर येऊन पायरीवर बसली की बरं वाटायचं तिला.”

“तो धुराचा त्रास.”

“गॅस आल्यावर कसला धूर, बाबा? तरी दुखायचंच.”

गिरमिटचा घास तोंडातच राहिला. मुंगी नाही. चाळीस वर्षं, भिंतीपासून दीड पावलावर टाकी, आणि घरात एक मुंगी नाही. बारा वर्षं हेच काम केलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती. पेट्रोलची वाफ मातीतून, फरशीच्या सांधीतून वर येत होती, आणि उद्या हा म्हातारा खिडक्या लावून, पांघरूण घेऊन तिथे झोपणार होता. रोज झोपणार होता.

“काय झालं हो?” बायकोने विचारलं. ह्या वेळी तिने ओव्याचं नाव काढलं नाही.

“काही नाही,” तो म्हणाला आणि पानावरून उठला.

सकाळी सात वाजता तो पंपावर गेला. कार्यालय बंद असणार, धाकट्याच्या घरी जायचं तर मेहुणीसमोर बोलायचं, म्हणून आधी एकटाच जाऊन ती जागा बघू असं त्याने ठरवलं. पण खोल्यांचं दार उघडं होतं. आत धाकटा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, स्वयंपाकघराची फरशी पुसत होता.

“अरे, दादा! बरं झालं आलात. पलंग एकट्याने हलेना. बाबा यायच्या आत लावून टाकू.” त्याने फडका पिळला. “बसा. एक गंमत सांगतो. काल शेवटपर्यंत कागद अडकला होता, माहितीये? वरच्या मॅडम म्हणाल्या, ह्या अख्ख्या जागेत नऊ मीटर खोल जाईपर्यंत दगड नाही, मग सातलाच दोन मीटर तीसवर दगड कुठून आला? परत बोअर मारा म्हणे.”

गिरमिटने विचारलं, “मग?”

“मग काय, मी सांगितलं, मॅडम, नकाशा चुकेल, माझं मीटर चुकेल. वहीत दादांनी दगड लिहिलाय म्हणजे दगड. तसं लिहूनच दिलं, माझ्या सहीने. मानलं त्यांनी.” तो हसला. “तुम्हाला सांगितलं नाही कधी, पण मी माती ओळखायला शिकलो ती तुमचा हात बघून. म्हणून तर ह्या कामावर तुम्हाला मागून घेतलं. बाबांच्या घराचा प्रश्न होता. दुसऱ्या कोणावर विसंबलो नसतो मी.”

असं काही ऐकायला मिळावं म्हणून गिरमिट तीन वर्षं जळत होता. मिळालं तेव्हा त्याला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि धरणीच्या पोटात काय होतं हे त्यालाच ठाऊक होतं.

“दगड नाहीये तो,” तो म्हणाला.

“अं?”

“लोखंड आहे. टाकी. पावणेदोनपासून वाळू होती. मी झटकून टाकली.”

धाकटा फडका हातात तसाच धरून उभा राहिला. पाणी ठिबकत होतं. “कधी कळलं तुम्हाला?”

“तेव्हाच.”

“तेव्हाच म्हणजे... मी विचारलं तेव्हा?”

“तुम्ही विचारायच्या आधी.” आणि मग जे आयुष्यात बायकोपाशीही कबूल केलं नव्हतं ते तो बोलला. “मला तुमचा हेवा वाटतो. सगळे तुमचंच नाव घेतात. तुमची सही चुकावी, चारचौघांत नाक कापलं जावं, असं वाटलं मला. एवढंच होतं.”

धाकटा बाहेर गेला, गाडीतून वास मोजायचं यंत्र घेऊन आला. पाच महिने त्या खोल्यांच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, त्यामुळे हवा तपासली तेव्हा काही सापडलं नव्हतं. आता तो ओट्याखाली वाकला आणि यंत्राची चोच भिंत आणि फरशी मिळते त्या सांधीत धरली. आकडा शून्यावर होता. मग चार झाला, मग एकोणीस, मग चढतच गेला. दोघं साडू त्या पुसलेल्या फरशीवर उकिडवे बसून तो आकडा बघत राहिले.

“आई इथेच उभी राहायची,” धाकटा म्हणाला. सासूबाईंना तो आईच म्हणायचा. मग उठून त्याने यंत्र बंद केलं. “बाबांना आज आणू नका. मी मॅडमना फोन करतो.”

“माझं नाव सांगा. काय व्हायचं ते होऊ दे.”

“काय सांगायचं ते मी बघतो, दादा.”

दोन दिवसांनी टाकी निघाली. चाळणी झालेली, आणि वास असा की गल्लीतल्या लोकांनी दारं लावून घेतली. आणखी नव्वद ट्रक माती गेली, स्वयंपाकघराची भिंत पाडावी लागली, आणि सासरे आणखी चार महिने गिरमिटच्या खुर्चीत राहिले. पण आता सूर बदलला होता. धाकट्याने घरी आणि ऑफिसात एकच सांगितलं होतं, की बोअरचालकाने स्वतःहून सातची शंका काढली, म्हणून टाकी सापडली. त्यात शब्द एकही खोटा नव्हता.

“आमच्या थोरल्यांचा हात म्हणजे काय!” सासरे आल्यागेल्याला सांगायचे. “जमिनीत दोन पुरुष खोल काय आहे ते ह्यांना वरून कळतं. कागदवाल्यांनी साफ म्हणून सही केली होती, पण हे म्हणाले, नाही! जीव वाचवला माझा.” धाकटा समोर बसलेला असला तरी सांगायचे. तो मान हलवायचा, चहा संपवायचा, कप विसळायला उठायचा. गिरमिट खिडकीबाहेर बघत राहायचा. एकदा बायकोने विचारलं, “आता तरी गार वाटतंय ना?” तो उठून म्हाताऱ्यांचा पंखा लावायला गेला. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

पुढचं काम एका जुन्या गॅरेजच्या जागेवर निघालं. पहिल्याच बोअरला तीन मीटरवर पातं अडलं. दांडा खडखडला, हात झिणझिणला. गिरमिटने यंत्र थांबवलं आणि वही काढली. पलीकडून धाकटा आला, नेहमीसारखाच, हळू आवाजात.

“काय लागलं, दादा?”

“दगड,” गिरमिट म्हणाला. दगडच होता.

“बघू,” धाकटा म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून त्याने नळी स्वतःच्या हाताने उघडली.